दर्यावर बोट कापले, तर?

मथळा वाचून तुम्ही म्हणाल, आम्ही नांगरामागे चालणारी माणसे, दर्याशी आमचा काय संबंध? पण जरा आठवून पाहा. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला आली की डहाणू, तलासरी, पालघरच्या आतल्या पाड्यांवर निरोप येऊ लागतात, ‘बोटीवर माणूस पाहिजे.’ भाताची लावणी उरकलेली असते. कापणीपर्यंत घरात पैसा यायचा नसतो. मग घरातला एखादा तरणा मुलगा दोन जोडी कपडे पिशवीत भरतो आणि खलाशी म्हणून निघतो. कोणी जवळच नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटीच्या किनाऱ्यावर, तर कोणी थेट गुजरातेत वेरावळ, पोरबंदर, ओख्याला.

त्या मुलाला विळा कसा धरावा हे कोणी शिकवावे लागत नाही. ओला दोर, गळ आणि काटेरी मासा मात्र त्याला नवे असतात. शेतावर बोट कापले तर घर हाकेवर असते. दर्यावर तसे नसते. म्हणून हा लेख त्या मुलासाठी आणि त्याची पिशवी भरून देणाऱ्या घरच्या माणसांसाठी आहे. ज्यांच्या घरचे कोणी बोटीवर जात नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यातले बरेचसे खाडीत आणि भातखाचरातही उपयोगी पडते.

नवापूर हे गाव बोईसर स्टेशनाच्या पश्चिमेला, अगदी समुद्राला लागून आहे. उत्तरेला तारापूरचे अणुवीज केंद्र, आजूबाजूला दांडी, उच्छेळी, आलेवाडी, नांदगाव ही मच्छीमारांची गावे. एकेकाळी इथल्या होड्या शिडावर चालत. वारा पडला की वल्ही मारावी लागत. आता बहुतेक होड्यांना इंजिन आहे. पण एक गोष्ट इंजिनानेही बदललेली नाही, ती म्हणजे भरती-ओहोटी. या पट्ट्यात पाणी फार खाली उतरते आणि ओहोटीला खाडीच्या तोंडाशी नुसता चिखल उरतो. होडी आत घ्यायची तर भरतीची वाट पाहावी लागते. एका ओहोटीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात.

आता हिशेब करा. जाळे टाकलेली जागा किनाऱ्यापासून दोन तासांवर आहे. पाणी उतरायला लागले आणि मुलाच्या हाताला लागले. होडी लगेच फिरवली तरी ती खाडीत शिरणार भरती आल्यावर. तिथून चिखल तुडवत बंदरावर, बंदरावरून रिक्षाने दवाखान्यात. दोन तासांचे अंतर बघता बघता सात-आठ तासांचे होते. एवढा वेळ त्या जखमेचे जे काही करायचे ते होडीवरच्या माणसांनी करायचे असते. ते नीट झाले तर जखम चार-आठ दिवसांत भरते. चुकीचे झाले तर त्याच बोटापायी सगळा हंगाम जातो, आणि खलाशाचा हंगाम गेला म्हणजे इकडे खताचे आणि बियाण्याचे पैसे गेले.

दर्यातली सर्वांत नेहमीची इजा म्हणजे शिंगाळ्याचा काटा. डोल जाळे वर घेतले की बोंबील, कोळंबी, मांदेली यांच्या ढिगात शिंगाळा येतोच. त्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंच्या परांत एकेक असे तीन ताठ काटे असतात. काट्याला करवतीसारखे दाते असतात आणि त्यावरच्या पातळ सालीत विष असते. हे विष सहसा जिवावर बेतत नाही, पण माणूस कळवळतो. वेदना बोटातून मनगटात, मनगटातून खांद्यात चढते. नवा मुलगा अशा वेळी घाबरून जातो, आणि जुने खलाशी त्याला हसतात. हसणाऱ्यांना मी दोष देत नाही, ते स्वतः यातून गेलेले असतात. मात्र हसून झाल्यावर त्यांनी एक काम करावे. चहाच्या चुलीवर पाणी ठेवावे.

होय, साधे गरम पाणी. शिंगाळ्यावर आणि पाकटावर आज डॉक्टरही पहिल्यांदा हाच उपाय करतात. या माशांचे विष उष्णतेने बिघडते आणि ठणका उतरू लागतो. मात्र पाणी किती गरम, हे नीट समजून घ्या. एक भांडे उकळत्या पाण्यात तीन भांडी साधे पाणी मिसळले की सुमारे पंचेचाळीस अंशांचे पाणी होते. आंघोळीला आपण ‘कडक’ म्हणतो तसे. आधी त्यात चांगला हात बुडवून पाहायचा. दुखरा हात बुडवून अंदाज घेऊ नका. वेदनेत त्याला चटका कळत नाही आणि काट्याच्या जखमेवर भाजल्याची जखम होऊन बसते. चांगल्या हाताला सोसले तरच दुखरा हात पाण्यात घाला आणि अर्धा ते दीड तास ठेवा. पाणी निवले की हात बाहेर काढायचा, नवे गरम पाणी मिसळायचे, पुन्हा चांगल्या हाताने पाहायचे, मग दुखरा हात आत. पिण्याचे पाणी कमी असेल तर भर समुद्रातले पाणी उकळून, सोसवेल इतके निववून घ्या आणि शेवटी जखम पिण्याच्या पाण्याने धुवा.

पाणी तापेपर्यंत दुसरे एक काम उरकायचे. बोटातली अंगठी, मनगटातले कडे, गंडा, काळा दोरा, जे काही असेल ते लगेच काढायचे. देवाचा दोरा आहे, कसा काढू, असे मुलगा म्हणेल. तो गळ्यात बांधून द्या. हात सुजला की तोच दोरा मांसात रुततो आणि पुढचे रक्त अडवतो.

काट्याचा तुकडा वर दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढून काढावा. आत मोडला असेल तर सुरीने उकरत बसू नये. दवाखान्यात फोटो काढून तो शोधता येतो. वरून जखम भरली आणि महिन्याभराने पुन्हा पू आला, तर बहुतेक वेळा आत असा तुकडाच राहिलेला असतो.

पाकटाची गोष्ट याच जातीची, पण जरा मोठी. सुपासारखा चपटा मासा, लांब चाबकासारखे शेपूट आणि शेपटावर उलट्या दात्यांचा काटा. १० सप्टेंबर २०१३ रोजी, दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाच्या वेळी मुंबईत गिरगाव चौपाटीच्या उथळ पाण्यात पाकटांनी कित्येक भाविकांच्या पायांना काटे मारले होते आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते. पाकट मुद्दाम अंगावर येत नाही. ते वाळूत अंग पुरून पडलेले असते. पाय थेट वर पडला की शेपूट मारते. उथळ पाण्यात पावले उचलून न टाकता तळाला घासत चालले तर ते चाहूल लागून आधीच निसटते. जाळ्यातल्या पाकटाला मात्र निसटायला जागा नसते, म्हणून तिथे हात घालण्याआधी शेपूट कुठे आहे ते पाहायचे.

चारशे वर्षांपूर्वीचा एक किस्सा या ओघात सांगतो. १६०८ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज कप्तान अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात उघड्या होडीतून फिरत होता. उथळ पाण्यात तो तलवारीच्या टोकाने मासे टोचू लागला. एक पाकट तलवारीवरून काढताना त्याने कप्तानाच्या मनगटात काटा खुपसला. हात, खांदा, छाती सुजली. बरोबरच्या माणसांनी आशा सोडली आणि जवळच्या बेटावर त्याची कबरही खणली म्हणतात. होडीवरच्या वैद्याने तेल लावून उपचार केले. संध्याकाळपर्यंत ठणका उतरला, आणि कप्तानाने रात्रीच्या जेवणाला तेच पाकट खाल्ले! त्या जागेला आजही पाकटाच्याच नावाने ओळखतात. घाबरलेल्या मुलाला हा किस्सा सांगायला हरकत नाही. पण त्याबरोबर दुसरीही बाजू ध्यानात असू द्या. ऑस्ट्रेलियातला प्रसिद्ध प्राणीमित्र स्टीव्ह आयर्विन ४ सप्टेंबर २००६ रोजी पाकटाचा काटा छातीत घुसूनच गेला. छाती, पोट किंवा मान यांत काटा रुतला असेल तर तो ओढून काढू नये. आजूबाजूला कापड गुंडाळून तो हलणार नाही असा धरावा आणि होडी तडक किनाऱ्याकडे घ्यावी.

आता साध्या कापण्याचे पाहू. सुरी लागते, पत्रा लागतो, खडकावरच्या कालवांच्या धारेने पाय चिरतो. रक्त आले की आपल्याकडे हाताला लागेल ते जखमेत भरायची सवय आहे. तंबाखू, मशेरी, चुना, कॉफीची पूड, डिझेलचा बोळा. हळद तर असतेच. हळदीवर तुमची श्रद्धा असेल तर ती कालवणात भरपूर घाला, पण उघड्या जखमेत डब्यातली पूड भरू नका. त्यातली घाण आत जाते आणि पुढे डॉक्टरला ती खरवडून काढावी लागते. रक्त थांबवायला धुतलेल्या कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबायची आणि हात छातीच्या वर धरायचा. घड्याळ लावून दहा मिनिटे. मध्ये उचलून ‘थांबले का’ म्हणून पाहायचे नाही, हेच लोकांना जमत नाही. पाहिले की धरलेली खपली सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बोटाला सुतळी करकचून बांधू नये. त्याने रक्त थांबण्याऐवजी बोट काळे पडू शकते.

रक्त थांबले की जखम साबणाने आणि पिण्याच्या पाण्याने धुवायची. इथे एक जुना समज आडवा येतो. खारे पाणी लागले की जखम सुकते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मिठाने झोंबते हे खरे, पण समुद्राच्या कोमट पाण्यात काही जंतू मजेत राहतात आणि कापलेल्या कातडीतून आत शिरतात. खाडीतले पाणी तर त्याहून वाईट. शिवाय तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रातच सोडले जाते. प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यावर निकालही आला. तो वेगळा विषय आहे. इथे एवढेच, की या पाण्याने जखम धुऊ नका. होडीवर पिण्याचे पाणी मोजके असते आणि ते बोटावर ओतायला जीव होत नाही. म्हणून लिटरभराच्या दोन बाटल्या झाकण न उघडता वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांवर ‘जखमेसाठी’ असे लिहावे. नाहीतर दुपारच्या उन्हात कोणीतरी त्या पिऊन टाकतो.

मधुमेह असलेल्या, किंवा दारूने यकृत खराब झालेल्या माणसाने तर याबाबत जास्तच जपावे. अशा माणसाच्या जखमेतून समुद्रातले हे जंतू रक्तात पसरू शकतात. जखमेभोवतीची लाली तासातासाला वाढते, फोड येतात, थंडी वाजून ताप चढतो. असे झाले तर सकाळची वाट पाहू नये.

गळ रुतणे हा आणखी एक प्रकार. गळाच्या टोकाला उलटा दाता असतो, तो आत गेला की मागे ओढताना मांस फाडतो. टोक कातडीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर येण्याच्या बेतात असेल, तर जागा साबणाने धुऊन ते पुढेच ढकलावे, दाता बाहेर आला की पकडीने तोडावा आणि उरलेला गळ आल्या वाटेने काढावा. खोल रुतला असेल, सांध्याजवळ असेल, तर दोरी कापून गळ तसाच ठेवावा, वर कापड बांधावे. डोळ्याजवळ असेल तर हातही लावू नये.

दोर झर्रकन सुटला की तळव्याची साल निघते. ही भाजल्यासारखीच जखम. स्वच्छ पाण्याने धुऊन थंड करावी, फोड आला तर फोडू नये, वर स्वच्छ कापड सैलसर बांधावे आणि त्या हाताने त्या दिवशी दोर ओढू नये. जेलीफिश अंगाला लागली तर चोळू नये. चोळले की तिचे उरलेले विषारी दंशही फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत आणि मग वर सांगितले तसे गरम पाणी. अंगावर गांध्या उठून दम लागू लागला तर होडी फिरवावी.

आणि समुद्री साप. जाळ्यात हे नेहमी येतात. शेपटी वल्ह्याच्या पात्यासारखी चपटी असली की समजावे. ‘पाण्यातला साप, त्याला कुठले विष’ असे म्हणून पुष्कळ खलाशी त्याला हातानेच फेकतात. हे धाडस नको. समुद्री सापाचे विष नागाइतकेच घातक आहे आणि चावल्याचे पुष्कळदा दुखतही नाही. काही वेळाने अंग मोडून येते, मान-जबडा आखडतो, लघवी काळपट होते. आपल्याकडे मिळणारे सर्पदंशाचे औषध जमिनीवरच्या चार विषारी सापांसाठी केलेले आहे, समुद्री सापासाठी नाही. त्यामुळे मोठे रुग्णालय लवकर गाठणे हाच उपाय. हात-पाय न हलवता माणसाला पडून राहू द्यावे आणि होडी फिरवावी. हिला किरकोळ इजा म्हणू नये.

होडी कधी फिरवावी, हाच सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. डिझेल जळते, जाळी अर्धी वर आलेली असतात, पकडीतला वाटा सगळ्यांचा असतो. नव्या मुलाला वाटते, माझ्या एका बोटापायी सगळ्यांचा दिवस कसा बुडवू? तो गप्प बसतो आणि तसाच काम करत राहतो. तांडेलही चांगला माणूस असला तरी घाईच्या वेळी त्याला पटकन ठरवता येत नाही. म्हणून हे किनाऱ्यावर, होडी सुटण्याआधीच ठरवून घ्यावे असे माझे मत आहे. मुलाला सोडायला जाल तेव्हा चहा पिता पिता तांडेलाला विचारा, ‘दादा, पोराला काही लागले तर होडी कधी फिरवाल?’ विचारायला संकोचू नका. साप चावला, छाती-पोटात काटा गेला, डोळ्याला लागले, दाबूनही रक्त थांबेना, बोट वाकवता येईना किंवा बधिर झाले, दम लागला, ताप चढला. एवढ्या वेळी फिरवायची, असे दोघांत बोलून ठेवा. पुढे त्या वेळी वाद होत नाही.

किनाऱ्यावर फोन लागत असेल तर १०८ ची गाडी आधीच बंदरावर बोलावता येते. भर समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. आत गेल्यावर मोबाइल चालत नाही, तिथे वायरलेस लागते. आपल्या होडीवर ते आहे का आणि चालू आहे का, हेही त्याच चहाच्या वेळी विचारावे.

राहिली धनुर्वाताची गोष्ट. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. शेतावरचा मुलगा बोटीवर जाताना पायाच्या भेगांत तीच माती घेऊन जातो. धनुर्वाताची लक्षणे बहुधा तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही दिसतात; जखम तोवर भरलेली असते आणि कोणाच्या ध्यानातही नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात याचे इंजेक्शन मिळते. लहानपणीचे डोस पूर्ण झालेले असतील तर दर दहा वर्षांनी एक पुरते. जखम घाण असेल आणि शेवटचे घेऊन पाच वर्षे झाली असतील, तर पुन्हा घ्यावे. निघण्यापूर्वीच घेऊन तारीख पिशवीतल्या वहीवर लिहून ठेवली तर परक्या गावच्या डॉक्टरलाही कळते.

बायकांसाठीही दोन शब्द. बंदरावर मासळी निवडणाऱ्या, सोलणाऱ्या, बाजारात विकणाऱ्या बायकांच्या बोटांत बारीक काटे रोज शिरतात. कधीकधी दोन-चार दिवसांनी बोट जांभळट-लाल होते, सूज हळूहळू पुढे सरकते, आग होते, पण पू दिसत नाही. मासळी हाताळणाऱ्यांना होणारा हा एक रोग आहे आणि तो पेनिसिलिनसारख्या औषधाने बरा होतो. ‘कामाचेच आहे’ म्हणून अंगावर काढू नका.

आणि पहिल्या पावसात तुमच्या ओढ्याला वलगणीचे मासे चढतात, तेव्हा पोरे खाचरात हाताने शिंगी धरायला धावतात. तिचाही काटा असाच विषारी असतो आणि तिच्यावरही गरम पाण्याचाच इलाज. इथे चूल दोन हातांवर असते, एवढाच फरक.

मुलाच्या पिशवीत घट्ट झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा द्या. त्यात साबणाची वडी, उकळून उन्हात वाळवलेल्या सुती कापडाच्या चार घड्या, पट्टीचा रोल, चिकटपट्टी, बारीक चिमटा, पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या. ॲस्पिरिन नको, त्याने रक्त लवकर थांबत नाही. दुखते म्हणून कोणी दारू पाजू लागले तर ती घ्यायची नाही, हेही सांगा. डबा सुकाणूजवळ, कोरड्या जागी, सगळ्यांना ठाऊक असेल असा ठेवायचा. कापडाच्या घड्या दर फेरीनंतर उघडून पाहाव्यात. खाऱ्या हवेत त्या महिन्याभरात ओलसर होतात. तशा झाल्या असतील तर घरी आल्यावर पुन्हा उकळून वाळत घाला.